निवेदनावर माझी सही का नाही

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सभासद,
आपल्या बाजारपेठेचा व्यापारी संघ

दिनांक : १४ डिसेंबर २०२१

विषय : मास्कच्या दंडाबाबत तहसीलदारांना द्यायच्या, रविवारच्या सभेतल्या निवेदनावर सही न केल्याबद्दल

सप्रेम नमस्कार.

रविवारी देवळाच्या सभागृहात निवेदनाचा कागद फिरत फिरत माझ्यापर्यंत आला आणि मी तो सही न करता पुढे सरकवला, तेव्हा दोघातिघांनी वळून बघितलं. तेवढ्यात चहा आला म्हणून विषय तिथेच राहिला. नंतर कानावर आलं की, ‘वहिनींचं तहसीलवाल्यांशी काहीतरी साटंलोटं आहे,’ अशी कुजबुज वरच्या पेठेत चालू आहे. सरकारी माणसांशी माझा संबंध वजनकाट्यावर शिक्का मारून घेण्यापुरता. त्यातही ताटकळत बसावं लागतं. साटंलोटं असतं तर निदान खुर्ची मिळाली असती.

म्हणून हे लिहून देते. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणार होते, पण तिथे माझ्या आधी शुभ सकाळची फुलं आणि माझ्या मागून कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, त्यात माझं म्हणणं वाहून जाईल. त्यापेक्षा कागद बरा. चारजणांनी वाचावा, हवा तर नोटीस बोर्डावर लावावा.

निवेदनात दोन मागण्या आहेत. पहिली मला सोळा आणे मान्य आहे. राज्य सरकारच्या २७ नोव्हेंबरच्या कोरोनाविषयक आदेशाप्रमाणे दुकानात एखादं गिऱ्हाईक विनामास्क सापडलं तर त्याला ५०० रुपये दंड आणि दुकानाला १०,०००. चूक त्याची, आणि वीसपट भुर्दंड आपल्याला. मला साखरेच्या किलोमागे दीड रुपया सुटतो. म्हणजे पन्नास किलोच्या पोत्यामागे पंचाहत्तर. रात्री बसून हिशोब केला, एका माणसाच्या नाकासाठी मला एकशे तेहतीस पोती साखर विकावी लागेल. एवढी साखर आपला अख्खा गाव मिळून कधी खाणार? शिवाय गिऱ्हाइकाचे दोन्ही डोस झालेत की नाही हेही आपणच बघायचं. पाच रुपयांची चहापत्ती मागणाऱ्या म्हातारीला मी प्रमाणपत्र मागायचं! तिच्याकडे मोबाइल असता तर तिने मुंबईच्या मुलाला फोन नसता का केला.

आदेशात असंही आहे की रुमाल म्हणजे मास्क नव्हे, रुमाल बांधणाराही दंडाला पात्र. त्यामागचं कारण मला समजतं, खिशातला पातळ रुमाल दोन ठिकाणी उघडा राहतो. पण बंदरावरून पाटी घेऊन येणाऱ्या बायका गेलं दीड वर्ष पदर नाकावरून घट्ट खोचून येतायत. त्यांचा पदर मास्क की रुमाल? हे मी दंड करत फिरणाऱ्या पथकातल्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, ‘बघू.’ बघू म्हणजे काय, ते आपल्या पेठेला सांगायला नको.

तेव्हा १०,००० रुपयांची अट काढा, असं म्हणायला मी तुमच्या पुढे उभी राहीन. माझं अडतं ते दुसऱ्या वाक्यावर. ‘तसेच मास्क हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न असल्याने दुकानदारांना ग्राहकास मास्कबाबत सांगण्यास भाग पाडू नये.’ हे वाक्य कुणी घातलं मला ठाऊक नाही. वाचून झाल्यावर टाळ्या मात्र त्यालाच पडल्या. चाळीसएक माणसं, दारं लावलेली, पंखे फुल, आणि बहुतेकांचे मास्क हनुवटीवर दाढीसारखे.

आधी गेल्या गुरुवारचं सांगते. पथकाची जीप फाट्यावर वळली आणि पहिल्या दुकानातून फोन सुटला. दोन मिनिटांत अख्ख्या पेठेची नाकं झाकली गेली. हनुवटीवरचे वर आले, खिशातले बाहेर आले, कुणाचा गल्ल्याखाली पडलेला होता तो झटकून चढवला. समोरच्या सलूनमध्ये तर दाढीच्या फेसावरच गिऱ्हाइकाला मास्क घातला. जीप जेट्टीपर्यंत गेली, वळली, परत गेली. नाकं परत उघडी. मीही हसले, खोटं कशाला सांगू. पण रात्री फळ्या लावताना वाटलं, हे आपण केलं ते जीपसाठी. जीपला काही कोरोना होत नाही.

दंडाचं हे असं होतं. माणूस नाक झाकायला शिकत नाही, जीपचा आवाज ओळखायला शिकतो. म्हणून मी दंडाच्या विरुद्ध. पण त्यावरून ‘मग मास्कच नको’ इथवर उडी मारायची, तर ती मला जमत नाही, आणि का जमत नाही ते जरा सविस्तर सांगते.

आपल्या पेठेतली घरं तुमच्या डोळ्यांसमोर आहेत. रस्त्याला दहा-बारा फूट तोंड आणि मागे विहिरीपर्यंत लांबच लांब. पुढे दुकान, मग पडदा, मग माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी. माझ्या गल्ल्यापासून सासूबाईंच्या खाटेपर्यंत अकरा पावलं आहेत, आणि मध्ये एक फुलाफुलांचा पडदा. त्यांना ब्याऐंशी सरली. साखर आहे, एक डोळा गेलाय, कान मात्र तिखट. दुकानात कुणी खोकलं की आतून विचारतात, ‘कोण गं तो?’ शहरातल्या मोठ्या दुकानाचा मालक संध्याकाळी शटर ओढून घरी जातो. आपण फळ्या लावतो आणि तिथेच असतो. तेव्हा माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक नुसतं दुकानात येत नाही, ते माझ्या घरात येतं. फळीवर कोपर टेकून खोकायचं ही त्याची मर्जी असेल, पण पडद्याआडच्या बाईची मर्जी कुणी विचारली का? वरच्या पेठेत असे पडदे किती आहेत, मोजा. मी मोजलेत. सव्वीस घरांत साठीच्या पुढचं माणूस आहे.

दुसरं असं की गिऱ्हाईक पाच मिनिटं उभं राहतं, मी बारा तास. त्याला वाटतं, पाच मिनिटांनी काय होतंय. पण त्याच्यासारखी दीडशे पाच-पाच मिनिटं माझ्या नाकासमोरून जातात. आणि मला असेल, तर मी त्या दीडशे घरांत पोचते. यात अंगात ताप यायलाच हवा असंही नाही. लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला देऊ शकतो, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. पाठ झालंय, पण वळलेलं नाही. सहा फुटांचं अंतर ठेवा म्हणतात. माझ्या फळीपासून सहा फूट मोजले तर गिऱ्हाईक गटाराच्या पलीकडे एसटीच्या वाटेत उभं राहील. सध्या संपामुळे एसटी नाही म्हणून, नाहीतर तेही शक्य नव्हतं. २०२० मध्ये आपण चुन्याने आखलेली वर्तुळं जूनच्या पहिल्या पावसात वाहून गेली, ती पुन्हा कुणी आखली नाहीत. अंतर जमत नाही तिथे नाकावरचं फडकं तेवढं उरतं.

आता एक गोष्ट सांगते, जी मी सभेत बोलले नाही.

गेल्या एप्रिलच्या शेवटी, आगोटीची खरेदी सुरू झाली होती. तुम्हाला माहीतच आहे, त्या दिवसांत दुकानात श्वास घ्यायला उसंत नसते. तांदूळ, तूरडाळ, कांदे, मिरची, मीठ, चार महिन्यांचं सामान लोक एकदम उचलतात. दोन दिवस माझं अंग मोडून आलं होतं. मला वाटलं, उन्हाचं आहे, पोती सरकवल्याचं आहे. मास्क होता, पण नाकाखाली, कारण वजन ओरडून सांगावं लागतं आणि घामाने तो चिकटतो. तिसऱ्या दिवशी वास गेला. हिंगाची डबी नाकाला लावली आणि काहीच आलं नाही. हिंगाचा वास गेला की काय गेलं, हे किराणावालीला कुणी सांगावं लागत नाही. तपासणी झाली, मी चौदा दिवस माळ्यावर. सासूबाई वाचल्या, कशा ते त्यांच्या देवाला ठाऊक.

पण त्या दोन दिवसांत जे येऊन गेले त्यांची यादी मी माळ्यावर पडून मनातल्या मनात किती वेळा केली असेल. उधारीची वही वर मागवून घेतली होती, नावं आठवायला. त्यातल्या कुणाकुणाला नंतर झाला. माझ्यापासून झाला का? मला कधीच कळणार नाही. माझ्या बाकड्यावर रोज सकाळी पेपर वाचत बसणारे आजोबा मे महिन्यात गेले. त्या आठवड्यात साथ सगळीकडेच होती, त्यांच्या घरी मुंबईहून माणसं आली होती, काहीही असू शकतं. त्यांच्या सुनेने मला कधी एका शब्दाने विचारलं नाही, अजूनही सामान माझ्याकडूनच नेते. बाकडं मी आत ओढून ठेवलंय.

त्यामुळे ‘मर्जीचा प्रश्न’ हे शब्द मला तुमच्याइतके सहज उच्चारता येत नाहीत.

आता आपल्या लोकांच्या स्वभावाचं बोलू. मास्क न घालणारे सगळे बेफिकीर आहेत, असं मला वाटत नाही. आपल्याकडे खरी अडचण ओळखीची आहे. ‘मास्क लावता का जरा?’ म्हटलं की समोरचा दुखावतो. ‘वयनी, मी काय परका हाय?’ किंवा ‘मला झालाय असं वाटतं काय तुम्हाला?’ मास्क घाल म्हणणं म्हणजे संशय घेणं, असं आपण मनाशी धरून बसलोय. म्हणून गुरुजी नाक झाकून दुकानात येतात आणि बोलायची वेळ आली की मास्क खाली ओढतात, माणसाशी बोलताना तोंड झाकणं त्यांना उद्धटपणा वाटतो. बोलतानाच तर तो हवा! पण ज्यांनी मला बाराखडी शिकवली त्यांना हे कसं सांगू? पोरांचं वेगळंच. मास्क कोपरात अडकवलेला, दंडाला ताईत बांधावा तसा. आणि मागच्या महिन्यात किनाऱ्यावर फिरायला आलेलं एक पुण्याचं कुटुंब, पाचपैकी चौघांची तोंडं उघडी, ‘आमचे दोन्ही डोस झालेत’ म्हणाले. डोस झालेत, उत्तम. आमचेही झालेत. पण डोस घेतलेल्याकडून दुसऱ्याला होत नाही, असं कुणी सांगितलं?

कुणी म्हणतं, बैलाला घालतात तसलं हे मुसकं. मग मी विचारते, एप्रिलमध्ये चक्कीवर मिरची दळायला जाता तेव्हा काय करता? नाकातोंडावर टॉवेलचे दोन फेरे. कलमांवर फवारणी करणारा गडी डोळे तेवढे उघडे ठेवतो. तेव्हा मुसकं म्हणत नाही कुणी, कारण मिरची लगेच झोंबते. फरक आहे तो इथे. मिरची बाहेरून आत येते, म्हणून आपण स्वतःसाठी बांधतो. या मास्कचं निम्मं काम आतलं बाहेर जाऊ न देण्याचं आहे, ते दुसऱ्यासाठी असतं, आणि दुसऱ्याला झोंबलेलं आपल्याला दिसत नाही.

पण हेही आपल्याला नवीन नाही. आमच्याकडे गणपतीचे मोदक वळायला बसलं की सासूबाई बोलू देत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, सोवळ्याचं खूळ. एकदा विचारलंच. म्हणाल्या, ‘बोलताना थुंकी उडते, नैवेद्यात पडते.’ त्यांना जंतू माहीत नव्हते, थुंकी माहीत होती. त्यांच्या सासूबाई मानमोडीच्या साथीच्या आठवणी सांगायच्या. १९१८ सालची ती साथ मुंबई बंदरातून पसरली आणि गावोगाव पोचली. माणसं एकेका घरातून एकामागून एक गेली, पाणी द्यायला कुणी नसायचं. ते ऐकत वाढलेली ही बाई २०२० च्या मार्चमध्ये जुन्या सुती लुगड्याचे तुकडे कापून शिवत बसली, आपल्याला सरकारने सांगायच्या आधी.

आणि आता आपल्या सगळ्यांच्या, माझ्यासकट, लाजेची गोष्ट. २०२० च्या मे महिन्यात चाकरमानी गावी येऊ लागले तेव्हा आपण काय केलं आठवा. मी गल्ल्यावर सहा फुटी पाइप ठेवला होता. मुंबईकरांचं सामान पिशवीत घालून त्या पाइपाच्या टोकाने सरकवायचं, पैसे साबणाच्या पाण्यात टाकायला लावायचे. बाजूच्या वाडीतला, ज्याच्या मुंजीत मी वाढलं होतं, तो पोरगा शाळेत क्वारंटाइन होता. त्याची आई सामान न्यायला आली तर तिलाही मी रस्त्यावरच उभी केली. आणि त्याच दिवशी संध्याकाळी गाववाल्या चार बायका फळीला टेकून तोंडं उघडी टाकून गप्पा मारत होत्या, मीही. मुंबईची हवा वाईट आणि आपली हवा चांगली, असा आपला समज. मास्क हा परक्यासाठी आणि घरच्यासाठी नाही. मग या वर्षी जूनमध्ये राज्यात डेल्टा प्लस या कोरोनाच्या नव्या प्रकाराचे २१ रुग्ण सापडले, त्यातले ९ आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले. जिल्हा तेव्हा निर्बंधांच्या चौथ्या, कडक स्तरात होता, किराणा दुपारी चारला बंद, कापडवाले आणि भांडीवाले तर कुलूप लावून घरी. तेव्हा मुंबईच्या बहिणीने मला फोन करून विचारलं, ‘तुमच्याकडून पार्सल मागवलेलं चालेल ना?’ काय उत्तर देणार होते मी?

मास्क आठवतच नाही असेही दिवस असतात, तेही मी बघितलेत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, नारळी-पोफळी आडव्या झाल्या, निम्म्या पेठेचे पत्रे उडाले. दुसऱ्या दिवशी दुकानात मेणबत्त्या, काडेपेट्या आणि ताडपत्रीसाठी ही रांग. एकाच्याही तोंडावर मास्क नव्हता, माझ्याही नाही. घरावर छप्पर नसलेल्या माणसाला मास्क घाल म्हणायला जीभ रेटली नसती. पण आज काही वादळ नाही. आज फक्त कंटाळा आहे.

तर मग सांगायचं कसं? दंड नको, भांडण नको, गिऱ्हाईक तुटायला नको. माझी पुतणी रत्नागिरीला शिकते, तिने मला बांगलादेशातल्या एका अभ्यासाबद्दल वाचून दाखवलं. ६०० गावं, सुमारे ३ लाख ४२ हजार माणसं, गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून या एप्रिलपर्यंत. काही गावांत मास्क फुकट वाटले, इमामांनी आणि पुढाऱ्यांनी आधी स्वतः घातले, आणि बाजारात, मशिदीपाशी माणसं उभी करून येणाऱ्याजाणाऱ्याला तोंडी आठवण केली. बाकीच्या गावांत काही केलं नाही. जिथे काही केलं नाही तिथे शंभरातले तेरा जण मास्क घालत होते, जिथे केलं तिथे बेचाळीस. मोबाइलवरचे संदेश आणि पुढाऱ्यांना बक्षिसाची लालूच यांनी त्यात विशेष भर पडली नाही. समोरासमोर सांगितलेलं उपयोगी पडलं. दवाखान्यातले तसले मास्क वाटलेल्या गावांत लक्षणं असलेली, रक्ताच्या तपासणीत पक्की झालेली लागण ११ टक्क्यांनी कमी आढळली, आणि साठीपुढच्या माणसांत ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कचा गुण तितका स्पष्ट दिसला नाही. जादू नव्हे ही. शंभरातल्या अठ्ठावन्न जणांनी तिथेही घातला नाहीच. पण ३५ टक्के हा आकडा ऐकला आणि मला ते सव्वीस पडदे दिसले.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. आपली दुकानं त्रेचाळीस. सरकारने गेल्या वर्षी ऑक्टोबरात तीन पदरी मास्कची कमाल किंमत ४ रुपये ठरवून दिली, म्हणजे पन्नासचा बॉक्स जास्तीत जास्त २०० रुपयांना. प्रत्येक दुकानात महिन्याला एक बॉक्स ठेवायचा म्हटलं तरी संघाला ८,६०० रुपये लागतील. एका दंडापेक्षा कमी! वार्षिक पूजेच्या मांडवाला आपण याहून जास्त घालवतो, आणि यंदा मांडव झालाच नाही, ते पैसे खजिनदारांकडे पडून आहेत. गिऱ्हाईक उघड्या तोंडाने आलं की काही न बोलता बॉक्स पुढे करायचा, मुखवास पुढे करतो तसा. मी पंधरा दिवस करून बघतेय. दहातले सातजण घेतात, दोघं खिशातला काढतात, एखादा रागावून जातो.

तो रागावलेला एकच आपल्याला नडतो. कारण तो जातो समोर, आणि समोरचा त्याला हसून सामान देतो. मागच्या सोमवारी तेच झालं. ज्याची माझ्याकडे चार हजारांची उधारी आहे तो माणूस माझ्यावर रुसून पलीकडे रोखीने साखर घेऊन गेला! (मला राग साखरेचा नाही आला, रोखीचा आला.) समोरच्यांना दोष देत नाही, त्यांनाही पोटं आहेत. पण एकटीने सांगितलं तर मी खडूस, आणि त्रेचाळीसांनी सांगितलं तर तो पेठेचा रिवाज. उधारी बंद करायची वेळ आली तेव्हा आपण सगळ्यांनी एकाच दिवशी पाट्या लावल्या होत्या, आठवतं ना? संघ असतो तो यासाठी. निव्वळ निवेदनं द्यायला संघ कशाला हवा, त्याला एक टंकलेखक पुरतो.

यात अडचणी आहेत, मला दिसतात. वापरलेले मास्क गटारात जातात, गटारातून खाडीत, भरती उतरली की गाळात निळे तुकडे दिसतात, त्यासाठी प्रत्येक दुकानाबाहेर झाकणाचा डबा लागेल. आपल्याकडे येणारे एक सुतार ऐकू शकत नाहीत, ते ओठ बघून समजून घेतात. त्यांच्यासाठी मी पाटी-पेन्सिल ठेवलीय, पण पहिल्या दिवशी माझा मास्क बघून ते बिचारे नुसते उभे राहिले होते. दमेकऱ्यांना, लहान मुलांना जबरदस्ती करायचं कारण नाही. आणि ऐकू येण्याची तक्रार तर सगळ्यांचीच आहे. मास्कमधून ‘जिरं’ आणि ‘मिरं’ एकच ऐकू येतं.

वेळ मात्र थोडा आहे. ४ डिसेंबरला राज्यातला पहिला ओमिक्रॉनचा रुग्ण सापडला तो डोंबिवलीत, आणि डोंबिवली म्हणजे आपल्या दर चार घरांमागे एक घर. नाताळच्या सुट्टीत किनारे भरतील. एसटी बंद म्हणून लोक वडापच्या खासगी गाड्यांत एकमेकांच्या मांडीवर बसून येतायत. पुढे मार्चमध्ये शिमगा, पालख्या घरोघर जातील, चाकरमानी येतील. या वेळी तो पाइप बाहेर काढायची माझी इच्छा नाही.

निवेदन गुरुवारी तहसीलदारांकडे जाणार असं ऐकलं. त्यातलं दुसरं वाक्य खोडा, आणि जमलं तर त्या जागी ‘पथकाने दंडाच्या पावतीपुस्तकाऐवजी मास्कचे बॉक्स घेऊन यावे’ एवढं घाला. मग कागद दुकानात पाठवून द्या, मी शिक्क्यासकट सही करते. आणणाऱ्याकडे मास्क नसला तर बॉक्स डावीकडे आहे, खोबरेलच्या बाटल्यांशेजारी.

आपली,
खालच्या पेठेतली किराणावाली

ता. क. : गेल्या आठवड्यात मी कुणाला तरी पाव किलो जिऱ्याऐवजी मिरी बांधून दिली आहे. ज्यांच्या घरी गेली त्यांनी कृपा करून परत आणावी. भावात फार फरक आहे.